एक रुपयाचा पिन: वडगावातल्या एका खात्याचं प्रकरण

५ ऑगस्टला दुपारी काकू दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या हातात पासबुक होतं. नुकतंच छापून आणलेलं, शाई अजून ओली वाटावी असं. एका ओळीवर त्यांनी बोट दाबून धरलं होतं, जणू बोट काढलं तर ओळ हरवेल.

"हे कोण रं बाबा? ह्या नावाचं आमच्यात कोण न्हाई."

माझं बेळगावच्या शहापुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. रेशन कार्ड, जात प्रमाणपत्र, उतारा, शिष्यवृत्ती अशी कामं चालतात. गेल्या दोनेक वर्षांत मात्र न सांगता कापल्या गेलेल्या पैशांची चौकशी हे एक नवीनच काम मागे लागलं आहे, आणि त्याचे पैसे मी घेत नाही. त्यातलं हे एक प्रकरण काकूंना विचारून सविस्तर लिहितो आहे. नावगाव लिहू नको म्हणाल्या. वडगावच्या आहेत, घरी शिलाई मशीन आहे, साड्यांना फॉल-पिको करून देतात, एवढं पुरे.

पासबुकात दोन ओळी होत्या. २२ जूनला ४९९ रुपये आणि २२ जुलैला पुन्हा ४९९. दोन्हींपुढे एकाच खाजगी कंपनीचं नाव, निम्मं कापलेलं, कारण त्या रकान्यात तेवढीच अक्षरं मावतात. काकू एका साडीचे सत्तर रुपये घेतात. म्हणजे प्रत्येक वेळी सात साड्यांची मजुरी गेली. त्यातही दुसऱ्या महिन्याचे पैसे नेमके कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये जमा झाल्यानंतर गेले होते. त्या पैशांतून बचत संघाचा हप्ता भरायचा, हे ठरलेलं. हप्त्याच्या दिवशी पैसे कमी पडले, तेव्हा त्या बँकेत गेल्या आणि पासबुक छापून घेतलं.

मला सगळ्यात लागली ती गोष्ट पैशांची नव्हती. काकूंनी मनात एक चोर आधीच धरला होता. शेजारचा कॉलेजला जाणारा मुलगा त्यांच्या मोबाइलचा रिचार्ज करून द्यायचा, फोन अडकला की नीट करून द्यायचा. पहिल्यांदा पैसे कमी दिसले तेव्हापासून काकूंनी त्याच्या हातात फोन देणं बंद केलं होतं. तोंडावर काही बोलल्या नव्हत्या. पण पोरगं काय समजायचं ते समजलं होतं आणि यायचं थांबलं होतं.

जूनमधला तो रविवार

पासबुकातलं नाव कुठल्याच ॲपशी जुळेना. हे नेहमीचं आहे. ॲप एका नावाने चालतं आणि पैसे घेणारी कंपनी दुसऱ्याच नावाने नोंदलेली असते. मग मी काकूंच्या फोनवरचं यूपीआय ॲप उघडलं. त्यात आपल्या फोटोच्या गोलावर दाबलं की 'ऑटोपे' नावाची एक जागा असते. तिथे तेच नाव पूर्ण लिहिलेलं होतं आणि शेजारी चिन्ह होतं, इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या एका ॲपचं.

काकूंनी मुलीला फोन लावला. पोरगी घाबरत घाबरत बोलली, पण सगळं खरं बोलली.

तिने एसएसएलसी, म्हणजे दहावी, मराठी माध्यमातून केली आणि जूनमध्ये पीयूसीला, म्हणजे अकरावीला, सायन्सला प्रवेश घेतला. आपल्याकडच्या कितीतरी मुलांचं हेच होतं. दहावीपर्यंत प्रकाशसंश्लेषण, गुरुत्वाकर्षण, घनफळ, आणि एका सुट्टीनंतर सगळं इंग्रजीत. वर्गात सर कन्नडमधून समजावतात, पुस्तक इंग्रजीत आणि ही मधल्यामधे. पहिल्या दोन आठवड्यांत तिला वाटलं, आपल्याला काहीच येत नाही. मग एका व्हिडिओच्या आधी जाहिरात आली, सात दिवस इंग्रजी शिका, फक्त एक रुपया. रविवार होता, १५ जून. आई मशीनवर बसली होती.

"आई, एक रुपया पाठवायचा हाय, पिन घाल की."

"एकच ना?"

"एकच."

काकूंनी डावा हात साडीवर तसाच ठेवून उजव्या हाताने पिन घातला. पडदा बघितला नाही. त्या पडद्यावर काय होतं ते मी आता त्या मँडेटच्या, म्हणजे पैसे आपोआप घ्यायला दिलेल्या परवानगीच्या, तपशिलात वाचत होतो. आज एक रुपया. त्यानंतर दर महिन्याला, कमाल ४९९ रुपये. सुरुवात २२ जून. शेवटची तारीख तीस वर्षांनंतरची. म्हणजे त्या पोरीची पोरगी पीयूसीला जाईल तोपर्यंत पैसे घ्यायची परवानगी एका रुपयाच्या पिनात दिली गेली होती.

तो रुपया ॲपची किंमत नव्हतीच. खातं चालू आहे का, पैसे ओढता येतात का, हे बघण्यासाठी आणि मँडेटवर सही घेण्यासाठी तो रुपया असतो. पिन म्हणजे सही. कागदावर 'दरमहा ४९९' असं लिहून खाली सही कर म्हटलं असतं तर काकूंनी चष्मा शोधला असता, दोनदा वाचून घेतलं असतं. रुपया बघून चष्मा कुणी शोधत नाही.

मुलीने पाचव्या दिवशी ॲप काढून टाकलं. तिला ते आवडलं होतं, पण आई पैशाला नाही म्हणणार हे ठाऊक होतं. सात दिवस व्हायच्या आत काढलं म्हणजे संपलं, असं तिला वाटलं. तिची ही समजूत अगदी साधी आणि सरळ होती, आणि माझ्या दुकानात येणाऱ्यांतले बहुतेक सगळे इथेच अडकतात.

पिग्मीवाला आणि दार

काकूंना हे कसं सांगावं याचा मी थोडा विचार केला. त्या एका सोसायटीत रोज पन्नास रुपये पिग्मी, म्हणजे दारावर येऊन गोळा केली जाणारी रोजची बचत, भरतात. म्हणून म्हटलं, "काकू, पिग्मीवाला रोज येतो. तुम्हाला बंद करायचं असलं तर काय करता?"

"त्याला सांगणार की, उद्यापासून नको म्हणून."

"आणि न सांगता नुसतं दार लावून घेतलं तर?"

"तर काय, उद्या परत येणार."

"ॲप काढणं म्हणजे दार लावणं. ह्याला नको म्हणून कुणी सांगितलंच नाही. आणि पिग्मीवाला निदान दार वाजवतो, तुम्ही हाताने पैसे देता, तो पुस्तकात लिहितो. ह्याच्याकडे तुमच्या डब्याची किल्ली आहे."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे त्या पोराचं काय न्हाई ह्यात."

नव्हतंच.

बँक, एसएमएस आणि नियम

काकूंचं म्हणणं एकच होतं, "मी ओटीपी कुणाला दिलं न्हाई, मग पैसे गेले कसे?" गल्लीतल्या कुणीतरी त्यांना १९३० वर फोन करायला सांगितलं होतं. तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे. कुणी आपल्या नकळत खात्यातून पैसे उडवले, खोटी लिंक पाठवून लुटलं, तर तिथे एक मिनिटही न दवडता फोन करावा. इथे तसं नव्हतं. इथे खातेदाराने स्वतः पिन घालून परवानगी दिली होती. कशाला परवानगी देतोय हे कळलं नव्हतं, हा भाग वेगळा.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे: अशा आपोआप जाणाऱ्या पैशांची परवानगी घेताना पहिल्यांदा पिन किंवा ओटीपी लागतोच. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतच्या प्रत्येक वसुलीला पुन्हा पिन विचारला जात नाही. ही मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलांसाठी ती एक लाख आहे. त्या बदल्यात प्रत्येक वसुलीच्या निदान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेलीच पाहिजे. त्यात पैसे कोण घेणार, किती, कधी, कशासाठी हे असायला हवं आणि तिथून नाही म्हणायची सोय हवी.

मग ती सूचना आली होती का? मी काकूंच्या फोनवरचे मेसेज वर सरकवत गेलो. २१ जूनचा मेसेज सापडला. त्याच्या वर डेटा संपत आल्याचा मेसेज, खाली दोन रिचार्जच्या ऑफरी. मजकूर इंग्रजीत, कंपनीचं तेच अनोळखी नाव, ४९९ आणि तारीख. नियमाने जे हवं ते सगळं त्यात होतं. ज्यांच्यासाठी होतं त्यांना मात्र त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. काकू मराठी वाचतात, दुकानांच्या पाट्यांवरचं कन्नड अक्षरं जुळवून वाचतात, इंग्रजी येत नाही. सीमाभागातल्या माणसाला कन्नड की मराठी हा वाद जन्मापासून ऐकू येतो, पण त्याच्या पैशांची सूचना दोन्हींतल्या एकाही भाषेत येत नाही. हे मला फार लागतं. नुसतं 'उद्या तुमच्या खात्यातून ४९९ रुपये जाणार, नको असतील तर इथे दाबा' एवढं मराठीत किंवा कन्नडमध्ये आलं असतं तर हे प्रकरण २१ जूनलाच मिटलं असतं.

बँकेत मी काकूंबरोबर गेलो. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पण उत्तर दिलं की मँडेट खातेदाराच्या पिनने झालं आहे, सूचनाही गेली आहे, बँक पैसे परत देऊ शकत नाही. त्यांच्या बाजूने ते चूक नव्हतं. मँडेट रद्द केल्यानंतरही पैसे गेले असते किंवा २४ तास आधीची सूचनाच आली नसती, तर बँकेवर लेखी तक्रार करता आली असती, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता आलं असतं. आमचं भांडण बँकेशी नव्हतं, त्या ॲपशी होतं.

रद्द करताना

आधी गळती थांबवायची, मग गेलेल्याच्या मागे लागायचं, असं मी नेहमी करतो. ऑटोपेमध्ये त्या मँडेटवर दाबलं. खाली दोन पर्याय होते, थांबवा आणि रद्द करा. 'थांबवा' म्हणजे पॉझ, ते तात्पुरतं असतं. रद्द करावर दाबलं आणि पडद्याने पिन मागितला.

काकूंनी हात मागे घेतला. "पिन घातला की पैसे जातात. मागं तेच झालं न्हवं?"

ही भीती मला बरोबर वाटली आणि मी घाई केली नाही. रद्द करायलाही पिन लागतो, कारण बँकेला खातरी हवी असते की खातेदारच रद्द करतोय. पण पिन घालायच्या आधी वर काय लिहिलंय ते वाचायचंच. वर रक्कम आणि पैसे देण्याचा शब्द असेल तर पैसे जाणार. मँडेट रद्द करण्याचा शब्द असेल तर थांबणार. मी तो शब्द मोठ्याने वाचला, मराठीत सांगितला, मुलीला फोनवर पुन्हा वाचून दाखवला. मग काकूंनी पिन घातला. त्या मँडेटसमोर 'रिव्होक्ड' असं आलं.

आणि त्याच यादीत त्याच्या खाली आणखी एक मँडेट होतं.

भजन-कीर्तनाच्या एका ॲपचं. १ ऑगस्टला, श्रावणात, काकूंनी स्वतः घेतलेलं, तेही एक रुपयात. सात दिवसांनी, ८ तारखेला २९९ रुपये जाणार होते. आज ५ तारीख. काकूंना ते एक रुपयाचं ॲप आठवत होतं, २९९ माहीतच नव्हते. तेही रद्द केलं. या वेळी पिन घालताना त्यांनी विचारलं नाही, फक्त चष्मा लावला आणि पडद्यावरचा तो शब्द कुठे आहे ते मला दाखवायला लावलं.

मँडेट रद्द झालं म्हणजे खात्यातून पैसे जायचं थांबतं, पण ॲपच्या दप्तरी आपण अजून वर्गणीदारच असतो. म्हणून ॲपमध्ये जाऊनही वर्गणी बंद करावी. त्यासाठी इंग्रजीचं ते ॲप परत घ्यावं लागलं, मुलीच्या नंबरने आत जावं लागलं. बंद करायचं बटण सेटिंगमध्ये नव्हतं. प्रोफाइल, मग मदत, मग प्रश्नोत्तरं, मग सर्वांत खाली फिकट अक्षरांत 'वर्गणी व्यवस्थापन'. तिथेही तीनदा विचारलं, नक्की का, अर्ध्या किमतीत देऊ का, कारण काय. पैसे घ्यायला एक पिन पुरला होता, थांबवायला नऊ पडदे लागले. मी प्रत्येक पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला, आणि तो पुढे कामी आला.

ज्यांनी ॲप गुगल प्लेच्या मार्फत घेतलेलं असतं, त्यांना प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये सगळ्या वर्गण्या दिसतात आणि तिथूनच बंद करता येतात. डेबिट कार्डाने घेतलं असेल तर यूपीआयच्या यादीत ते दिसणारच नाही, बँकेकडे कार्डावरची ई-मँडेट्स बघावी लागतात. आणि खात्यात पैसेच ठेवले नाहीत की झालं, असं बरेच जण म्हणतात, ते खरं नाही. शिल्लक नसली तर त्या दिवशी वसुली फसते, पण मँडेट जिवंत राहतं, आणि गृहलक्ष्मीचे किंवा पगाराचे पैसे आले की मागणी पुन्हा उभी राहते.

पैसे परत मागताना

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकांना फसवणाऱ्या रचनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अशा तेरा रचना नावानिशी दिल्या आहेत आणि त्यांतली एक आहे वर्गणीचा सापळा. त्यात चार गोष्टी येतात. वर्गणी बंद करणं अशक्य किंवा लांबलचक करणं, बंद करायचा पर्याय लपवणं, बंद करायच्या सूचना गोंधळात टाकणाऱ्या ठेवणं, आणि फुकट वर्गणी देताना पैसे भरायची माहिती किंवा आपोआप वसुलीची परवानगी सक्तीने घेणं.

ही चौथी गोष्ट मी काकूंना दोनदा वाचून दाखवली. रविवारी मशीनवर बसून त्यांनी जो पिन घातला, त्याबद्दल त्या स्वतःला दोष देत होत्या. 'माझीच चूक, मी बघितलं न्हाई' असं चाललं होतं. बघायला हवं होतं, हे खरंच. पण न बघणाऱ्यावरच ज्याचा धंदा चालतो, त्याची ती रीत देशाच्या ग्राहक प्राधिकरणाने चूक म्हणून लिहून ठेवली आहे, हे त्यांना कळणं मला गरजेचं वाटलं. आता कंपनी म्हणेल की आम्ही एक रुपया घेतला, म्हणजे फुकट नव्हतंच. हा युक्तिवाद मला पटत नाही, पण ती पळवाट काढली जाऊ शकते, म्हणून तक्रारीत आम्ही लपवलेल्या बटणावर आणि नऊ पडद्यांवर जास्त भर दिला.

आधी ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. दोन्ही तारखा, दोन्ही व्यवहारांचे क्रमांक, २० जूननंतर वर्गणी बंद करेपर्यंत ॲप एकदाही उघडलेलं नव्हतं ही गोष्ट, आणि स्क्रीनशॉट. चार दिवसांत ठरावीक छापाचं उत्तर आलं, अटी मान्य केल्या होत्या, परतावा नाही. मग १९१५ वर फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. काकूंनी स्वतः बोलायचं ठरवलं. मी शेजारी नुसता कागद धरून बसलो. पलीकडची बाई मराठीत बोलू लागली तेव्हा काकूंचा आवाजच बदलला. बँकेत त्या माझ्या मागे उभ्या होत्या, इथे त्यांनी सगळं तारखेनिशी सांगितलं, मुलीच्या कॉलेजपासून फिकट अक्षरांपर्यंत.

हेल्पलाइन न्यायालय नाही, ती कंपनीला हुकूम करू शकत नाही. तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. पण हेल्पलाइनने विचारल्यावर कंपनीचा सूर बदलला. बारा दिवसांनी २२ जुलैचे ४९९ रुपये परत आले. २२ जूनच्या पैशांबद्दल कंपनीने लिहिलं की त्या महिन्याची सेवा उपलब्ध होती.

ते पैसे मागायला जिल्हा ग्राहक आयोग आहे. बेळगावातच आहे, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही, कारण २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मी काकूंना ते सांगितलं. त्यांनी हिशोब केला. चकरा, कागद, बुडणारी शिलाई. नको म्हणाल्या. मला त्यांचं चूक वाटत नाही, पण कंपनीनेही हाच हिशोब केलेला असतो, हे मनातून जात नाही.

मुलीला इंग्रजी अजूनही हवं आहेच. सप्टेंबरमध्ये तिने दुसरं एक ॲप पाहिलं, तेही सात दिवसांचं. या वेळी ती आधी दुकानात आली. आम्ही मँडेटचा पडदा शेवटपर्यंत वाचला, पैसे किती, कधीपासून, कधीपर्यंत. तिने ते घेतलं आणि तिथेच, दहा मिनिटांत, वर्गणी बंद केली आणि मँडेटही रद्द केलं. बऱ्याच ॲपांत बंद केल्यावरही उरलेले दिवस वापरता येतात. सगळ्यांत नाही, काही लगेच कुलूप लावतात, पण तसं झालं तर एक रुपयाच गेला असता. हे सात दिवस चाललं. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाच्या चौकटीत, तिने आठव्या दिवशी 'पासबुक बघणे' असं लिहून ठेवलं होतं. काही कापलं गेलं नाही.

शेजारच्या त्या मुलाला काकूंनी गणपतीत घरी बोलावलं. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही. परवा तो त्यांचा फोन घेऊन दुकानात आला होता, चार्जिंगची पिन बदलायची कुठे ते विचारायला.